वर्ध्याच्या कडेचा मतदार

वर्धा शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १ लाख ११ हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १ लाख ६ हजारांच्या आसपास आली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे मोठे स्थानक, दोन वैद्यकीय महाविद्यालयांचा आणि १९९७ साली स्थापन झालेल्या हिंदी विश्वविद्यालयाचा शेजार, आणि तरी शहरातली माणसे कमी झाली. ती गेली कुठे, याचे उत्तर नगरपालिकेच्या हद्दीची कमान ओलांडली की दिसते. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा या गावांच्या शिवारात लेआउटमागून लेआउट पडले. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका, आर्वी-कारंजाकडून पोरांच्या शिक्षणासाठी आलेली शेतकरी कुटुंबे यांनी तिथे प्लॉट घेतले, घरे बांधली. विनोबा पवनारला जाण्याआधी ज्या नालवाडीत राहिले, ती आता नागपूर रस्त्यावरची सलग वस्ती आहे. शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. कागदावर मात्र ती रेषा ठळक आहे. रेषेच्या आतला माणूस नागरी, बाहेरचा ग्रामीण.

या लेखाचे म्हणणे त्या रेषेबद्दल आहे आणि ते असे: वर्ध्याच्या कडेला राहणाऱ्या या माणसांना विधानसभेत मत आहे, आमदार आहे, पण प्रतिनिधित्व अपुरे आहे, आणि त्याचे कारण आमदाराच्या स्वभावात किंवा पक्षात शोधण्यात अर्थ नाही. खालच्या पातळीवर या वस्तीला तिच्या आकाराची स्थानिक संस्थाच मिळालेली नाही. त्यामुळे आमदार हीच तिची नगरपालिका झाली आहे. नगरपालिकेचे काम करणाऱ्या आमदाराकडे कायदेमंडळाचे काम करायला वेळ उरत नाही, आणि मतदारालाही ते काम मागायची सवय राहत नाही. पुढची मतदारसंघ पुनर्रचना दारात उभी असताना हा प्रश्न सुटला नाही, तर तो आणखी तीस वर्षांसाठी पक्का होईल.

आधी खालची पातळी पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. लोकसंख्या १,५०० पर्यंत असेल तर ७, मग दर दीड हजाराला दोन वाढत जातात आणि साडेसात हजारांच्या वर गेले की १७ वर गाडी थांबते. म्हणजे आठ हजारांच्या गावाला १७ आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वस्ती झालेल्या गावालाही १७च. कर्मचारी आकृतिबंध, कराची कमाल मर्यादा, बांधकामावरचे नियंत्रण, घनकचऱ्याची व्यवस्था हे सारे शेतीवर जगणाऱ्या गावाचा विचार करून आखलेले. पिपरी (मेघे)ला जनगणनेने २००१ मध्येच शहरी मानले होते. जनगणनेची कसोटी कडक असते: किमान पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेरचा. म्हणजे केंद्र सरकारचा एक विभाग सांगतो की हे शहर आहे, आणि राज्य सरकारचा दुसरा विभाग ते ग्रामपंचायत म्हणून चालवतो. दुसरीकडे २०१४ मध्ये राज्याने तालुक्याच्या मुख्य ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचे ठरवले आणि वर्धा जिल्ह्यात सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी ही गावे नगरपंचायती झाली. त्यांना मुख्याधिकारी मिळाला, नगरविकास खात्याचा निधी मिळाला. त्यांना मिळाले ते योग्यच झाले. पण आष्टी नगरपंचायत होते आणि पिपरी होत नाही, यात लोकसंख्येचा किंवा व्यवसायाचा काही संबंध नाही. तहसील कचेरी कुठे आहे एवढाच निकष लागला.

आता आमदाराकडे या. वर्ध्याच्या कडेच्या वस्तीत रस्ता, नाली, सभागृह, खुल्या जागेचे कुंपण असे कोणतेही काम घ्या. तिथल्या फलकावर बहुधा दोनपैकी एक नाव सापडते, आमदार स्थानिक विकास निधी किंवा ‘२५१५’. पहिल्यातून आमदाराला २०२२ पासून वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. दुसरा आकडा म्हणजे ग्रामविकास खात्याचे लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतली मूलभूत सुविधांची कामे त्यातून होतात. गावोगावचे पुढारी ‘पंचवीस-पंधरा’ असे त्याचे नाव इतक्या सहज घेतात की ते एखाद्या योजनेचे नावच वाटावे. हद्दीच्या आत असाच रस्ता करायचा झाला, तर नगरोत्थान अभियानाचे दार ठोठवावे लागते आणि ते नगरविकास खात्याकडे उघडते. एकाच रस्त्याचा अर्धा तुकडा एका खात्याचा, अर्धा दुसऱ्याचा, आणि दोन्हीकडे हात पोचणारा माणूस एकच, आमदार. पाण्याचेही तसेच. धाम नदीचे पाणी शहरालाही येते आणि कडेच्या गावांनाही. पण पिपरी परिसराची प्रादेशिक योजना जीवन प्राधिकरणाकडे आणि शहराची नगरपालिकेकडे. नळाला पाणी आले नाही तर पिपरीच्या गृहिणीला जाब विचारायला सरपंच सापडतो, पण योजना सरपंचाच्या हातात नाही. मग ती आमदाराच्या कार्यालयात जाते. ती तिथे जाते हे तिच्या शहाणपणाचे लक्षण आहे. दुसरे कोणते दार आपण तिच्यासाठी ठेवलेले नाही.

२०२२ ते २०२५ या काळात तर ही स्थिती टोकाला गेली. ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यभरच्या स्थानिक निवडणुका अडकल्या. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. नगरपालिकांचेही तसेच झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. या काळात कडेच्या वस्तीत निवडून आलेला सरपंच होता आणि त्याच्या वर थेट आमदार. मधले जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सदस्य गायब. ज्या वस्तीत माणसे वाढली, नाल्या तुंबल्या, डास वाढले, तिथे मधला जिनाच काढून घेतल्यासारखे झाले. विधान परिषदेतही काय घडले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून २०१८ मध्ये रामदास आंबटकर निवडून आले होते. त्यांची मुदत जून २०२४ मध्ये संपली, आणि मत देणारे सदस्यच पुरेसे उरले नसल्याने त्या जागेची निवडणूक होऊ शकली नाही. या मतदारसंघात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समितीचे सभापती मत देतात. ग्रामपंचायत सदस्याला मत नाही. म्हणजे सर्व संस्था सुरळीत असल्या तरी पिपरीच्या सतरा सदस्यांपैकी कोणालाही विधान परिषदेच्या या जागेवर बोलता येत नाही, आणि नगरपंचायत असलेल्या आष्टीच्या प्रत्येक नगरसेवकाला येते. प्रतिनिधित्वातला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

यावर कोणी म्हणेल की आमदाराने रस्ते-नाल्या केल्या तर बिघडले काय? मतदाराला तेच हवे आहे. मतदाराची ही मागणी खरी आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. पण कडेच्या वस्तीचे सर्वांत मोठे प्रश्न नालीचे नाहीत, कायद्याचे आहेत. इथले कित्येक प्लॉट शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले. सातबारावर सामायिक नाव, खरेदीखत नोंदवले जात नाही, बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही. घर आहे, कर भरला जातो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंदही आहे, पण मालकी अर्धवट. या माणसाचे भवितव्य ठरते ते १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यावर आणि २००१ च्या गुंठेवारी नियमितीकरण कायद्यावर. गुंठेवारीची मुदत २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. तुकडेबंदीत एका गुंठ्यापर्यंतच्या जुन्या व्यवहारांना मोकळीक देण्याची घोषणा महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत केली. पिपरी-म्हसाळ्यातल्या शेकडो घरांच्या दृष्टीने ही पन्नास नाल्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. अशा कायद्याचा मसुदा होत असताना आमच्या लेआउटमधली खुली जागा कोणाच्या नावावर जाणार, अंतर्गत रस्ते कोण ताब्यात घेणार, नियमितीकरणाचे शुल्क कोणत्या संस्थेच्या तिजोरीत जाणार, हे विचारणारा आवाज सभागृहात हवा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा ही त्याची हत्यारे. नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन वर्ध्यापासून दीड-दोन तासांवर भरते. पण २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे आठवडाभरच चालले. एवढ्या थोड्या वेळात ज्या आमदाराने पाच वर्षे केवळ कामांच्या याद्या केल्या, तो कायद्याच्या कलमावर बोलेल ही अपेक्षा धरणे अवघड आहे.

वर्धा मतदारसंघाची आजची स्थिती याच संदर्भात समजून घेतली पाहिजे. डॉ. पंकज भोयर इथून २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग तीनदा निवडून आले. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यमंत्री झाले आणि पुढे जिल्ह्याचे पालकमंत्रीही. जिल्ह्याला मंत्रिपद मिळाले याचा लाभ आहेच: जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद, खात्यांमध्ये थेट प्रवेश, फायलींची गती. पण संसदीय पद्धतीचा एक परिणाम आपण विसरतो. मंत्री झालेला सदस्य सरकारला प्रश्न विचारू शकत नाही. तो उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर असतो. मतदारसंघाच्या नावाने तारांकित प्रश्न लागणे थांबते. यापूर्वी प्रमोद शेंडे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले, तेव्हाही वर्ध्याचा प्रतिनिधी पीठासनावर होता. त्या पदाचा मान मोठा आणि बंधनेही मोठी. यात व्यक्तीचा दोष नाही. अशा वेळी तक्रार मांडायला खाली सक्षम नगरपरिषद असती, तर कडेच्या वस्तीचे नुकसान झाले नसते. सगळे ओझे एकाच खांद्यावर असल्याने खांदा बदलला की ओझे जमिनीवर येते.

आता आकडे, कारण त्यांच्यात पुढचे संकट आहे. सध्याचे मतदारसंघ न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवर आखले आणि २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाले. राज्याच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या. विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या, कारण मुंबई-ठाणे-पुण्याच्या भागात माणसे वाढली आणि इकडे तेवढी वाढली नाहीत. वर्धा जिल्ह्याच्या चार जागा टिकल्या. पुलगाव जाऊन देवळी आली, आर्वी, हिंगणघाट, वर्धा राहिले. तेव्हाचा हिशेब असा: राज्याची सरासरी दर आमदारामागे ३ लाख ३६ हजार, आणि १२,३६,७३६ लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्याचा वाटा ३.६८ जागांचा. पूर्णांकात चार. २०११ मध्ये राज्याची सरासरी ३ लाख ९० हजारांवर गेली, जिल्हा मात्र १३,००,७७४ वर. वाटा ३.३३. चार जागा ठेवल्या तर प्रत्येक मतदारसंघ राज्याच्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्के लहान. तीन केल्या तर सुमारे ११ टक्के मोठा. मागच्या आयोगाने दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला होता. जागांची एकूण संख्या वाढली नाही, तर पुढच्या आयोगापुढे वर्ध्याची चौथी जागा टिकणे कठीण आहे, हे आजच लिहून ठेवावे असे गणित आहे. राज्यघटनेने ही फेरमांडणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली आहे, आणि ती जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून जाहीर झालेली आहे.

तीन जागा झाल्या तर सर्वाधिक फटका कोणाला? आर्वी, हिंगणघाट, देवळी ही गावे आपापल्या तालुक्यांची मुख्य ठिकाणे आहेत. कोणत्याही नकाशात ती एकसंध राहतील. कडेची वस्ती मात्र कोणत्याही नकाशात एकक म्हणून अस्तित्वातच नाही. परिसीमन अधिनियमाप्रमाणे मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. व्यवहारात आयोग तालुका, महसूल मंडळ, नगरपालिका या हद्दी हाताशी धरून काम करतो. आजही वर्धा तालुका एका मतदारसंघात नाही. त्याचा काही भाग देवळीला जोडलेला आहे. जी वस्ती एकाच बाजारात जाते, एकाच बसस्थानकावर उतरते, एकाच धामचे पाणी पिते, ती महसूल मंडळांच्या रेषांवर कापली जाण्याचा धोका खरा आहे. दोन मतदारसंघांच्या शेपटाला वस्ती बांधली गेली की दोन्ही आमदारांसाठी ती दुय्यम होते. अमेरिकेत अलाबामा राज्याने १९०१ नंतर साठ वर्षे विधिमंडळाचे मतदारसंघ बदलले नव्हते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात समान लोकसंख्येचे तत्त्व लागू केले, आणि तोवर त्या देशात वाढलेल्या उपनगरांचा आवाज विधिमंडळांत पोचायला सुरुवात झाली. आपल्याकडे समान लोकसंख्येचे तत्त्व घटनेतच आहे, कोर्टात भांडावे लागले नाही. आपली अडचण वेगळी: माणसे मोजली जातात, पण ती कोणत्या समाजाचा भाग म्हणून मोजायची हे ठरत नाही.

तर मग उपाय काय, आणि त्यावरचे आक्षेप काय? उपाय साधा आहे: कडेच्या सलग गावांची एक स्वतंत्र नगरपरिषद करा, किंवा वर्धा नगरपालिकेची हद्दवाढ करा. मला पहिला पर्याय पटतो, कारण हद्दवाढीत कडेचा माणूस जुन्या शहराच्या कर्जात आणि कारभारात वाटेकरी होतो. पहिला आक्षेप कराचा. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी असते. नगरपरिषद आली की वाढणार. ही भीती खोटी नाही. पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत गेली, कर वाढला, सुविधा आल्या नाहीत, आणि अखेर ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. त्यातून दोन धडे निघतात: मोठ्या संस्थेत गाव ढकलण्यापेक्षा त्याची स्वतःची नागरी संस्था बरी, आणि कर टप्प्याटप्प्याने, सुविधेच्या पाठोपाठ वाढला पाहिजे. दुसरा आक्षेप ग्रामीण रोजगार हमीचा आणि इतर ग्रामीण योजनांचा. कडेच्या गावांत अजून शेतमजूर आहेत, त्यांचे काम जाईल. त्यांची वस्ती वेगळी काढून महसुली गाव म्हणून जवळच्या ग्रामपंचायतीला जोडता येते. प्लॉटवाल्यांच्या हजारो घरांसाठी त्यांना, किंवा त्यांच्यासाठी हजारो घरांना, अडकवून ठेवण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो या जिल्ह्यातच उठू शकतो. ज्या मातीतून गांधीजींनी सेगावचे सेवाग्राम करून ग्रामस्वराज्याची कल्पना मांडली, तिथे ग्रामपंचायत मोडा म्हणायचे? इथे नीट विचार करायला हवा. गांधीजींच्या कल्पनेतले गाव एकमेकांना ओळखणाऱ्या, एकत्र काम करणाऱ्या, आपले अन्न-वस्त्र शक्यतो स्वतः निर्माण करणाऱ्या माणसांचे होते. ग्रामसभा हा त्याचा प्राण. पिपरीच्या भाड्याच्या खोलीत राहणारी परिचारिका रात्रपाळी करून येते. तिचा शेजारी बँकेतून बदली होऊन दोन वर्षांसाठी आलेला. त्यांच्यासाठी ग्रामसभेची तारीख कामाच्या दिवशी येते आणि विषयपत्रिकेवर त्यांचा विषय नसतो. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा दुसऱ्यांदा घेऊन ठराव संमत होतात. अशा ठिकाणी ग्रामपंचायत टिकवणे म्हणजे गांधीजींची संस्था टिकवणे नव्हे. तिचे नाव वापरून लोकांना त्यांच्या आकाराच्या कारभारापासून दूर ठेवणे आहे. शिवाय वर्धा शहरही असेच जन्माला आले. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी ते वसवले गेले. जिल्ह्याचे ठाणे त्यापूर्वी कवठ्याला होते. गाव शहर झाले म्हणून कोणी वर्धेकर आज हळहळत नाही.

वेळेची अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर बदलू नयेत असे जनगणना कार्यालयाने राज्यांना कळवले आहे. तेव्हा नवी नगरपरिषद मोजणीनंतरच होईल. पण जनगणना गावनिहाय आकडे देते, म्हणून पिपरी, सिंदी, बोरगाव, नालवाडी, म्हसाळा, सावंगी यांची बेरीज आयोगासमोर मांडता येते, संस्था असो वा नसो. परिसीमन आयोगाला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आयोगाशी जोडलेल्या खासदार-आमदारांना मत नसते. नागरिकाच्या अर्जाला मात्र सुनावणी असते. आणि एकदा अंतिम आदेश निघाला की घटनेच्या कलम ३२९ मुळे तो सहसा न्यायालयात आव्हान देण्याजोगा राहत नाही. म्हणून कडेच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आत्तापासून तीन कागद तयार ठेवावेत: २०११ आणि २०२७ ची गावनिहाय लोकसंख्या, शेतीबाहेर काम करणाऱ्यांचे प्रमाण, आणि सर्व गावे एकाच मतदारसंघात ठेवावीत असा ग्रामसभेचा ठराव. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची मुदत अवघ्या काही आठवड्यांची असते. तेव्हा ठराव लिहायला बसलात, तर उशीर झालेला असेल.